शनाँसोचा शातो : मालक बदलत गेले, पूल राहिला



वर्गात किल्ल्याचा विषय निघाला की मुलांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "बाई, हा किल्ला कोणाचा?" आणि "तो कोणी जिंकला?" आज फ्रान्समधल्या अशा एका वास्तूची ओळख करून घेऊ, जिचे मालक पाचशे वर्षांत कितीतरी वेळा बदलले, पण लढाई जिंकून ती कोणीच घेतली नाही. मग मालक बदलले कसे? हाच आपला आजचा पाठ.

किल्ला की वाडा?

फ्रेंच भाषेत 'शातो' हा शब्द किल्ल्यालाही वापरतात आणि सरदारांच्या मोठ्या वाड्यालाही. आपला शातो आहे लुआर नदीच्या खोऱ्यात, शेर नावाच्या नदीवर. नदीकाठी नव्हे, चक्क नदीवर! त्याचं नाव शनाँसो. तिथे आधी मार्क घराण्याचा जुना किल्ला होता आणि नदीपात्रात एक पाणचक्की होती. कर्जबाजारी झालेल्या मार्क घराण्याकडून १५१३ मध्ये ही जागा तोमा बोइये यांनी विकत घेतली. ते राजाच्या खजिन्याचे मोठे अधिकारी होते. त्यांनी किल्ला पाडला, फक्त एक बुरूज ठेवला आणि पाणचक्कीच्या पायावर नवा वाडा उभारला. बोइये कामानिमित्त बराच काळ इटलीत असायचे. त्यामुळे बांधकामावर देखरेख केली त्यांच्या पत्नी कातरीन ब्रिसोने यांनी. म्हणजे मालकाचं नाव एकाचं, पण घर उभं केलं दुसरीनं. हे मुलांना जरूर सांगा.

कर्ज, बक्षीस आणि अदलाबदल

बोइये पती-पत्नी वारल्यावर त्यांच्या हिशोबात राजाचं देणं निघालं. त्या देण्यापोटी १५३५ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने मुलाकडून वाडा घेतला. पुढे १५४७ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या हेन्रीने तो आपली प्रेयसी दियान द प्वातिए हिला देऊन टाकला. (लहान मुलांना सांगताना 'राजाची जवळची मैत्रीण' म्हटलं तरी चालेल.) दियान हिशोबाला पक्की होती. तिने मोठी बाग लावली आणि वाड्यापासून पलीकडच्या काठापर्यंत नदीवर कमानींचा दगडी पूल बांधून घेतला. हा पूल लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

१५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात जखमी होऊन हेन्री वारला. आता सत्ता आली राणी कॅथरिन द मेदिची हिच्या हाती. तिने दियानला शनाँसो सोडायला लावलं आणि बदल्यात शोमाँ नावाचा दुसरा शातो दिला. त्यानंतर कॅथरिनने दियानच्या पुलावर सुमारे साठ मीटर लांबीचं दालन चढवलं. त्यात मेजवान्या आणि नाच व्हायचे.

१५८९ मध्ये कॅथरिन वारली आणि वाडा तिची सून लुईज हिच्याकडे आला. त्याच वर्षी लुईजचा नवरा, राजा तिसरा हेन्री, याचा खून झाला. लुईजने आपली खोली काळ्या रंगात रंगवून घेतली. ती स्वतः मात्र पांढरे कपडे घालायची, कारण फ्रान्सच्या राण्यांमध्ये दुखवट्याचा रंग पांढरा होता.

राज्यक्रांतीत वाडा वाचला कसा?

१७३३ मध्ये क्लोद द्युपँ या श्रीमंत गृहस्थांनी शनाँसो विकत घेतला. त्यांच्या पत्नी लुईज द्युपँ यांच्याकडे विचारवंतांची ऊठबस असे. पुढे जगप्रसिद्ध झालेले रूसो काही काळ त्यांचे लेखनिक होते. बाई स्त्रियांच्या समानतेवर ग्रंथ लिहीत होत्या आणि त्यासाठीची टिपणं रूसो काढून देत.

१७८९ मध्ये राज्यक्रांती झाली. पुढच्या काही वर्षांत सरदारांच्या कितीतरी वाड्यांची मोडतोड झाली, पण शनाँसो वाचला. असं सांगतात की द्युपँ बाईंनी क्रांतिकारकांना एवढंच दाखवून दिलं : हा नुसता वाडा नाही, हा पूल आहे. आसपासच्या कित्येक मैलांत नदी ओलांडायला दुसरा पूल नाही. पाडलात तर लोकांचं येणं-जाणं आणि व्यापार थांबेल.

विसाव्या शतकातही तेच दालन लोकांच्या कामी आलं. १९१३ मध्ये चॉकलेटचे मोठे उद्योजक असलेल्या मेनिए घराण्याने शनाँसो घेतला. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. मेनिए कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने दालनात रुग्णालय चालवलं आणि दोन हजारांहून अधिक जखमी सैनिकांवर तिथे उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४२ या काळात, या भागात शेर नदीच सीमारेषा झाली होती. वाड्याचं मुख्य दार जर्मनांच्या ताब्यातल्या भागात, तर दालनाचं शेवटचं दार पलीकडच्या काठावर, त्यांच्या ताब्याबाहेर. त्या दारातून कित्येक माणसं निसटली. नाचासाठी बांधलेल्या दालनाने जीव वाचवले!

वर्गात काय घ्यावे?

१. फळ्यावर पाच शब्द लिहा : खरेदी, जप्ती, बक्षीस, अदलाबदल, वारसा. शनाँसोच्या गोष्टीत प्रत्येक शब्द कुठे येतो ते मुलांना शोधू द्या. मालकी फक्त तलवारीने बदलत नाही, कागदाने आणि कर्जानेही बदलते, हे त्यांना आपोआप उमगेल.

२. "वाडा पाडायला लोक आलेत, तुम्ही काय सांगाल?" यावर गटात संवाद करून घ्या.

३. पालकांनी घरी विचारावं : आपल्या गावातली जुनी विहीर, पार, वाडा किंवा पूल कोणी बांधला? आज तो कोणाच्या उपयोगी पडतो?

शनाँसो आजही मेनिए कुटुंबाकडेच आहे आणि तो पाहायला जगभरातून लोक येतात. मुलांनी सगळी नावं आणि सनावळी पाठ केलीच पाहिजे असं नाही. पण "हे कोणाचं?" या प्रश्नाच्या जोडीला "हे टिकलं कसं?" असं एखाद्या मुलाने विचारलं, की इतिहासाचा तास सार्थकी लागला असं समजा.