'तूफान' : ठोसा, गाणे आणि घरखर्च

मराठी विभागाच्या आस्वाद-वर्गात यंदा 'तूफान' या हिंदी चित्रपटावर चर्चा झाली आणि वर्गात सरळ दोन तट पडले. तास संपला तरी वाद संपला नाही. तो घाटकोपर स्थानकापर्यंत आमच्याबरोबर चालत आला. त्या मतभेदाचा विचार येथे करावयाचा आहे.

राकेश ओमप्रकाश मेहरा यांचा हा चित्रपट १६ जुलै २०२१ रोजी थेट अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला. डोंगरीत वसुली करणारा अझीझ अली (फरहान अख्तर) मुष्टियुद्धाकडे वळतो. त्याचे प्रशिक्षक नाना प्रभू (परेश रावल) हे मराठी गृहस्थ. पत्नी बॉम्बस्फोटात गेल्यापासून त्यांच्या मनात मुसलमानांविषयी अढी बसलेली. त्यांचीच डॉक्टर मुलगी अनन्या (मृणाल ठाकूर) अझीझच्या प्रेमात पडते आणि रिंगणाबाहेरची लढत सुरू होते.

पहिल्या तटाचे म्हणणे असे, की कथा ठरीव आहे, लांबी अडीच तासांहून अधिक आहे आणि गाण्यांमुळे ठोशाचा जोर जातो. गिटार शिकणाऱ्या माझ्या एका मित्राने १९८८ च्या 'होमबॉय' या अमेरिकन चित्रपटाचा दाखला दिला. मिकी रूर्कने तो स्वतः लिहिला आणि त्यात कामही केले. नायक उतरणीला लागलेला, अबोल मुष्टियोद्धा. डोक्याला अशी इजा झालेली, की पुढचा ठोसा जिवावर बेतावा. त्याला जे बोलता येत नाही ते एरिक क्लॅप्टनची गिटार बोलते. "आपल्याकडे शंकर-एहसान-लॉय या त्रयीत एहसान नूरानींसारखा गिटारवादक असून गाण्यांची एवढी गर्दी कशाला?" असा त्याचा सवाल. अर्थात 'होमबॉय' फार संथ म्हणून कंटाळणारेही आमच्यात निघालेच.

दुसऱ्या तटाची बाजू आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळलेल्या एका वर्गभगिनीने मांडली. "'तोडून टाक' हे रॅप ऐका," ती म्हणाली. "सरावाला ताल लागतोच. दोरीवरच्या उड्या, पायांची हालचाल, हात, सगळे मोजणीवर चालते. ते गाणे वरून चिकटवलेले नाही." शिवाय गाण्याचे नावच मुंबईच्या मराठी बोलीतले, हा मुद्दाही तिने सोडला नाही.

मला दोन्ही बाजू पटत होत्या. म्हणून घरी मोबाइलवर चित्रपट पुन्हा लावला. बाबा गोदामातून नुकतेच आले होते. सरावाचे गाणे पाहून त्यांनी एकच विचारले, "एवढे दिवस हा नुसता सराव करतो, तर ह्याच्या घरची चूल कोण पेटवतं?"

या प्रश्नाने मी थबकलो. हौशी मुष्टियुद्धाची एक फेरी तीन मिनिटांची असते. गाणेही साधारण तेवढेच. म्हणजे महिनोन्‌महिन्यांचे कष्ट एका फेरीत उरकले! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. संध्याकाळी वह्या-पुस्तकांच्या दुकानात उभा राहतो आणि रात्री अभ्यास करतो. माझी तीन वर्षेही कोणी पडद्यावर आणली तर एका गाण्यात संपतील, आणि त्यात बाबांची हमाली दिसणार नाही.

पण चित्रपटावर अन्याय नको. जे गाण्याने झाकले ते कथेने पुढे उघडे केले आहे. अझीझ आणि अनन्या दोघांना घर मिळत नाही. धर्म आड येतो. घराच्या पैशांसाठी अझीझ लढत हरण्याचे पैसे घेतो, पकडला जातो आणि त्याच्यावर पाच वर्षांची बंदी येते. चुलीचा प्रश्न येथे रिंगणात उतरतो. ज्यांना हा भाग ठरीव वाटतो त्यांनी उपनगरात भाड्याची खोली शोधून पाहावी.

तेव्हा माझे मत असे : सरावाला ताल हवा, हे वर्गभगिनीचे म्हणणे खरे, पण मित्राने मागितलेली शांतताही हवी होती, निदान चूल दिसण्यापुरती. गाणे कष्टांचा वेग दाखवते, किंमत दाखवत नाही. ती 'तूफान'ने उशिरा दाखवली, पण दाखवली.

घराचा प्रसंग आला तेव्हा बाबांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि उरलेला चित्रपट जेवण बाजूला ठेवून पाहिला.