बाभळीची साल आणि तोंडाचे आरोग्य

आपल्या दुसरबीडच्या शिवारात बांधावर बाभूळ दिसतेच. हिरड्या सुजून रक्त येत असल्यास मी हिचीच साल सुचवतो. सालीत टॅनिन भरपूर असते. त्या तुरट गुणाने हिरड्या आवळल्या जातात. सालीची दोन चमचे भरड दोन पेले पाण्यात, पाणी निम्मे होईपर्यंत उकळावी. गाळून कोमट काढ्याने दिवसातून दोनदा गुळण्या कराव्यात. काढा गिळू नये.

मात्र एक चूक माझ्या हातून झाली. तंबाखू खाणाऱ्या एका शेतकऱ्याला तोंडातील जखमेवर मी महिनाभर गुळण्याच सांगत राहिलो. तो कर्करोग निघाला. म्हणून वाचकहो, तोंडातील जखम किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर सालीवर विसंबू नका. दवाखान्यात तोंड तपासून घ्या. आणि तंबाखू आजच सोडा.