आता तुरीच्या वावरात पाय ठेवू नको

पोरी, तोंडी सांगितलं की तू मान हलवतेस आणि विसरतेस, म्हणून हे लिहून देतोय. मुंबई मॅरेथॉनचा रविवार आता दहा दिवसांवर आला. जे पळायचं होतं ते तुझं पळून झालंय. डिसेंबरात मेहकर रस्त्यावर जे लांब पल्ले काढलेस, तेच त्या दिवशी पायांत असणार. यापुढे कितीही पळालीस तरी त्यात काडीची भर पडायची नाही. बिघडू मात्र पुष्कळ शकतं. आणि बिघडवणारे कुणी परके नसतात. हे दहा दिवस म्हणजे हिवरा आश्रमाचा उत्सव, सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव, भोगी, संक्रांत, हुरडा आणि तुरीची सोंगणी. सगळं गाव प्रेमानं तुझ्यामागं लागणार आहे. त्या प्रेमातून तुला धडधाकट बाहेर काढायचं, एवढंच माझं काम.

पहिल्यांदा भरतीची पोरं. पहाटे पाचला ती रस्त्यावर असतात, तूही असतेस. त्यांना पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर मारायचेत, तुला ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. त्यांच्यात एखादा म्हणणार, "ताई, होऊन जाऊ दे एक राऊंड." नाही व्हायचं. मांडीची शीर धरली तर ती तीन आठवडे सुटत नाही, आणि आपल्याकडं तीन आठवडे नाहीत. या आठवड्यात एरवीच्या अर्धं पळ, पुढच्या आठवड्यात त्याहून कमी: मंगळवारी सहा किलोमीटर, त्यातले मधले दोन मुंबईला ज्या वेगानं पळायचंय त्याच वेगानं, गुरुवारी चार, शनिवारी मुंबईत पंधरा मिनिटं हलकं, तेही वाटलं तर. अंतर कमी करायचं, वेग अगदीच सोडून द्यायचा नाही. नाहीतर पाय झोपी जातात.

पळणं कमी केलं की अंग कुरकुरायला लागतं. पाय जड वाटतील, न दुखणारा गुडघा दुखल्यासारखा होईल, जिना चढताना धाप लागल्याचा भास होईल. घाबरायचं नाही. महिनोन् महिने झिजलेले स्नायू भरून येतायत, त्याची ही कुरकुर. खरं दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतं आणि चालताना वाढत जातं. तसं असेल तर मला सांग. नसेल तर कुणालाच सांगू नको. सांगितलंस की अर्धं गाव मालिश करायला येईल. आणि मालिश आता नकोच, तेल लावून रगडणारी तर मुळीच नको.

वावराचं ऐक. तुझा बाप काही बोलायचा नाही, पण मजूर मिळत नाहीत हे तुला दिसतंय आणि तुझ्यानं घरात बसवत नाही. तरी तूर सोंगायला जाऊ नको. दिवसभर वाकून सोंगलं की मांडीच्या मागच्या शिरा आणि कंबर जी आखडते ती चार दिवस मोकळी होत नाही. वर तुरीची खुंटं पायात घुसतात ते वेगळंच. गव्हाला पाणी भरायलाही नको. लाइन रात्रीची असली की पहाटेपर्यंत चिखलात उभं राहणं आलं, झोपेचं वाटोळं आलं. तुझ्या वाट्याचं पाणी मी भरतो. भावाशी, म्हणजे तुझ्या बापाशी, माझं बोलणं झालंय.

आता सणांचं. हिवरा आश्रमाला जा, पुरी आणि वांग्याच्या भाजीचा प्रसाद घे, आठ दिवस आधी खाल्लेल्या पुरीनं कुणाची मॅरेथॉन बुडत नाही. पण दरवर्षीसारखी वाढायला उभी राहू नको. लाखाची पंगत असते ती, ट्रॅक्टरनं वाढतात, त्या मातीत-उन्हात सहा तास उभं राहिलं की पाय संपतात. १२ तारखेला सिंदखेडराजालाही तेच. जिजाऊंना घरून हात जोड, पुढच्या वर्षी दर्शनाला जा. भोगी मंगळवारी, संक्रांत बुधवारी. भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी हवी तेवढी खा. तिळगूळ घे. गुरुवारपासून मात्र हात आवरायचा. हुरडा, टहाळ, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, ठेचा, सगळं बंद. या सगळ्यांत चोथा फार. तो पोटात दोन-दोन दिवस राहतो, आणि पंचविसाव्या किलोमीटरला बाहेर यायचं म्हणतो. मुंबईत त्या रस्त्यावर आपल्या वावरासारखी आडोशाची जागा नसते, बाप्पा.

शुक्रवार आणि शनिवार, दोन दिवस भाताचे. शरीर साखर साठवतं ती स्नायूंत आणि काळजात (म्हणजे लिव्हरमध्ये, आपल्याकडं बोकडाचं खातात ते), आणि हा साठा मोठा नसतो. तो संपला की तिसाव्या किलोमीटरच्या पुढं माणूस एकदम थिजतो, पाय उचलत नाही. म्हणून आधी तो काठोकाठ भरायचा. किलोमागं आठ ग्रॅम पिष्ट आणि साखर धर. तुझं वजन पन्नास, म्हणजे दिवसाला ४०० ग्रॅम. आपल्या भाषेत सांगायचं तर ३०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात, चार केळी आणि मूठभर गूळ. दिवसभरात पाच-सहा वेळा विभागून. वरण पातळ, तेल-तूप बेताचं, मिरची नको. एका बैठकीत पोट फुटेस्तोवर जेवणं म्हणजे साठा करणं नव्हे. काटा किलो-दीड किलो वर जाईल. साठलेली साखर स्वतःबरोबर पाणी धरून ठेवते, ते वजन आहे ते. आरशासमोर उभी राहून रडू नको.

अंगात ताप असेल, छातीत कफ घरघरत असेल, तर पळायचं नाही. यावर वाद नाही. नुसतं नाक गळत असेल तर चालतं. पण दुखणं गळ्याच्या खाली उतरलं की घरी बसायचं, कारण तापात पळून हृदयाला सूज आलेली माणसं असतात. दहा दिवस सर्दी-खोकल्याच्या माणसांपासून लांब राहा, शाळेतल्या लेकरांचे मुके घेऊ नको. आणि पळायच्या दिवशी सकाळी दुखण्याची गोळी खाऊन उभं राहायचं नाही. घामानं अंग सुकलेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर बसतात.

तुझ्या काकूचा एक निरोप आहे, तिनं मला मुद्दाम लिहायला लावला. पाळीची तारीख त्या दिवसाच्या आसपास येत असेल तर पूजेला घेतात तशी पुढं ढकलायची गोळी आयुष्यात पहिल्यांदा या आठवड्यात घेऊ नको. मळमळ, पाय सुजणं, काय होईल ते आधी ठाऊक नसतं. पाळीतही बाया मॅरेथॉन पळतात. काळी चड्डी, जादाचा पॅड कमरेच्या पट्ट्यात, झालं. फार त्रास असेल तर डॉक्टरीणबाईंना आजच विचार, शनिवारी नको.

तुझा आजोबा, म्हणजे माझा बाप, गजानन महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जायचा. त्याचा नियम होता: वारीला नवी चप्पल घालून निघायचं नाही, आणि घरच्यांनी कितीही प्रेमानं आणून दिली तरी ती पिशवीत ठेवायची. तुला मुंबईच्या मावशीनं नवे बूट पाठवलेत ना, ते पिशवीतसुद्धा नको, घरीच ठेव. ज्या बुटांनी तू लांब पल्ले काढलेस तेच घाल, तेच मोजे, तीच बनियन. गावात कुणीतरी म्हातारा म्हणेलच की आमच्या काळी अनवाणी पळायचे. खोटं नाही ते. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी बघितली, आणि पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारताचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले, एकोणिसावे आले. पण ती पोरं जन्मभर तशीच पळत आलेली होती. ज्याला जी सवय, त्याला तेच.

पायाची नखं गुरुवारी काप, आदल्या दिवशी नको. जास्त खोल गेली तर भरायला वेळ हवा. काखेत, मांड्यांच्या मध्ये, ब्राच्या पट्टीखाली रविवारी पहाटे व्हॅसलिन चोप. लाजून थोडं लावलंस तर आंघोळीच्या वेळी माझी आठवण काढशील.

प्रवास. गुरुवारी रात्री मेहकरहून ट्रॅव्हल्सनं निघ. समृद्धीनं गाडी सरळ जाते, पण वातानुकूलित बसमध्ये घसा सुकतो, म्हणून शाल आणि पाण्याची बाटली हाताशी ठेव. शुक्रवारीच एक्स्पोला जाऊन बिब (छातीवर लावायचा नंबर) घे. ते पळायच्या दिवशी मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. ओळखपत्र मूळ घेऊन जा. तिथं स्टॉल पुष्कळ असतात, फुकट काहीतरी प्यायला देतात. बिब घ्यायचं, सरळ बाहेर यायचं. शनिवारी मावशी म्हणेल चल जुहू दाखवते, पावभाजी खाऊ. सोमवारी बघू म्हण. शनिवारी पाय वर करून लोळायचं. मी तर सांगेन, मोबाइलही मावशीकडं दे; तिथं लोकांच्या वेळा वाचून डोकं फिरतं.

शनिवारी रात्री झोप येणार नाही. येऊ नये अशीच रात्र असते ती. म्हणून झोपेचा हिशेब गुरुवार-शुक्रवारचा धरायचा, आणि गुरुवारी तू बसमध्ये असशील, म्हणजे शुक्रवारी नऊला अंथरुणात. शनिवारी नुसतं डोळे मिटून पडलीस तरी पुरे. बिबला चार पिना लावून, बिबच्या मागं नाव, रक्तगट, मावशीचा नंबर लिहून, बनियन खुर्चीवर टाकून मग झोप. पूर्ण मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पहाटे पाचच्या सुमारास सुटते. त्या दिवशी पहाटेच्या खास लोकल सोडतात, वेळ शनिवारीच बघून ठेव. अडीचला ऊठ. दोन केळी, ब्रेडला जॅम, रोजचा चहा. रोज घेत असशील तर चहा, नसशील तर नको. संडासच्या रांगेचा वेळ धर. जुना स्वेटर घाल, सुरुवातीच्या घोळक्यात काढून टाकायला.

आपल्या जानेफळची जानेवारीची पहाट कोरडी आणि बोचरी. मुंबईची ओलसर. घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, आणि इथला वेग तिथं जड जातो. पाच तासांत संपवायचं ठरवलंस तर किलोमीटरला ७ मिनिटं ७ सेकंद पडतात. पण पहिले दहा किलोमीटर ७ मिनिटं २० सेकंदांनी जा. तुझ्या पुढं शेकडो लोक जातील, ढोल वाजतील, लोक नाव घेऊन ओरडतील. जाऊ दे. पंचविशीनंतर त्यातले बरेच तुला परत भेटतील. पेडर रोडचा चढ कितव्या किलोमीटरला येतो ते नकाशावर बघून ठेव. वर्षानुवर्षं तो परतीला, पस्तिशीच्या पुढं यायचा. तिथं वेगाकडं बघायचं नाही, लहान पावलं टाकायची. चालावं लागलं तर चाल, पण पाण्याच्या टेबलापासून पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंतच. मग पुन्हा पळ.

पाणी तहानेपुरतं. प्रत्येक टेबलाला दोन घोट. तहान नसताना ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. २००२ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि पळता पळता ज्यांचं वजन वाढलं होतं तेच त्यात जास्त होते. ओआरएसची पुडी मोठी असते, ती पूर्ण एक लिटर पाण्यातच टाकायची. अर्ध्या लिटरात टाकून कडक करायची नाही. जेल वगैरे तू डिसेंबरात खाल्लंस तेच, तेवढंच, तितक्याच अंतरानं.

सत्काराचं मी बघतो. बसस्टँडवर तुझा फ्लेक्स लावायचं पोरांनी ठरवलंय, परभणीच्या ज्योती गवतेचा फोटो शेजारी छापून. २०१७ ला ती मुंबईत भारतीय बायांमध्ये पहिली आली होती, म्हणून. मी त्यांना सांगितलंय, पळून आल्यावर लावा. आधी लावलात तर पोरगी पहिल्या पाच किलोमीटरात फ्लेक्ससाठी पळेल.

संपल्यावर लगेच खाली बसू नको, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, अर्ध्या तासात काहीतरी गोड आणि खारट खा. परतीचं तिकीट रविवारी रात्रीचं काढू नको, सोमवारचं काढ. आणि स्लीपर असेल तर खालचा बर्थ माग. वर चढता यायचं नाही.