जुना कायदा जाऊन नवा येतो तेव्हां

कोयनानगरास येणारा पाहुणा प्रथम धरणाची भिंत पाहतो व मग शिवाजीसागराचें विस्तीर्ण पाणी पाहून थक्क होतो. त्या पाण्याखालीं गांवें व शेतें गेलीं आहेत, हें कोणी सांगितल्यावांचून त्यास कळत नाहीं. या खोऱ्यांतील आजोबा-आजींस मात्र तें सांगावें लागत नाहीं.

आज आपण एकाच प्रश्नाचा विचार करूं. लोकांच्या हक्कांचा जुना कायदा काढून त्याच्या जागीं नवा आणावयाचा असेल, तर त्या नव्या कायद्याची पारख कशी करावी?

कोयनेसाठीं जमिनी घेतल्या गेल्या तेव्हां इंग्रजी अमदानींतील १८९४ चा भूसंपादन कायदा चालू होता. मालकास बाजारभावाप्रमाणें मोबदला द्यावा, हा त्याचा मुख्य आशय. ज्याच्या नांवावर जमीन नाहीं त्या शेतमजुराचा विचार त्यांत नव्हता. आणि मोबदला घेऊन माणसानें कोठें राहावें, काय पेरावें, याचेंहि उत्तर नव्हतें. कुटुंबें सातारा, सांगली, सोलापूर व कोंकणांतील जिल्ह्यांत विखुरलीं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रांत झाला तो १९७६ सालीं. तेव्हां कोयनेचें पाणी अडवून दशक उलटलें होतें. पुढें त्याची जागा १९८६ च्या व त्यानंतर १९९९ च्या कायद्यानें घेतली.

अखेर संसदेनें २०१३ सालीं नवा भूसंपादन कायदा केला आणि १ जानेवारी २०१४ पासून १८९४ चा कायदा रद्द झाला. नव्या कायद्यांत कूळ व शेतमजूर यांचीहि बाधितांत गणना झाली. खाजगी कंपनीसाठीं जमीन घेतांना ८० टक्के, व सरकार आणि खाजगी भांडवल यांच्या भागीदारीसाठीं ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमति आवश्यक ठरली. खुद्द सरकारच्या प्रकल्पास ही अट नाहीं, ही मर्यादाहि ध्यानांत ठेवावी. धरणांविषयीं त्यांत असें आहे कीं, जमीन पाण्याखालीं जाण्यापूर्वीं सहा महिने पुनर्वसन पुरें झालें पाहिजे. ही एक ओळ साठ वर्षें आधीं लिहिली गेली असती तर!

परंतु लिहिलेली ओळ पुसतांहि येते. ३१ डिसेंबर २०१४ रोजीं निघालेल्या वटहुकुमानें पांच प्रकारच्या प्रकल्पांस संमतीच्या व सामाजिक परिणामांच्या तपासणीच्या अटींतून मोकळीक देण्याची तरतूद केली. देशभर विरोध झाला आणि ऑगस्ट २०१५ अखेर तो वटहुकूम संपुष्टांत आला.

परदेशांतहि असेंच घडतें. ब्रिटनमध्यें १९९८ चा मानवी हक्कांचा कायदा काढून त्या जागीं ‘हक्कांची सनद’ आणण्याचें विधेयक जून २०२२ मध्यें मांडलें गेलें. नांव हक्कांचेंच, परंतु दाद मागणारानें, आपलें मोठें नुकसान झालें आहे हें दाखवून, आधीं न्यायालयाची परवानगी मिळवावी अशी अट त्यांत होती. म्हणजे दार तेंच, उंबरठा मात्र उंच. जून २०२३ मध्यें सरकारनें तें विधेयक मागें घेतलें.

यावरून बोध हा कीं, कायद्याची पारख त्याच्या नांवावरून करूं नये. नवा कायदा पुढें आला म्हणजे चार प्रश्न विचारावे. ज्याचें कांहीं जाणार आहे त्यास आधीं विचारलें जाईल काय? त्यास काय मिळेल, आणि तें नुकसानीपूर्वीं कीं नंतर? अन्याय झाल्यास गरिबास दाद मागतां येईल काय? आणि ज्यांचें नुकसान जुन्या कायद्याखालीं झालें, त्यांचें काय?

चौथा प्रश्न सर्वांत सहज विसरला जातो. २०१३ चा कायदा पूर्वींच पुऱ्या झालेल्या संपादनास लागू होत नाहीं. म्हणूनच २०१८ सालीं, धरण पुरें होऊन अर्धशतक लोटल्यावरहि, कोयनेच्या धरणग्रस्तांस आपल्या मागण्यांसाठीं कोयनानगरांत ठिय्या देऊन बसावें लागलें.

विद्यार्थी मित्रहो, या सुटींत घरच्या वडीलधाऱ्यांस विचारा: आपलें मूळ गांव कोणतें, तेथून केव्हां उठलों, हातीं कोणता कागद मिळाला? तें वहींत लिहून ठेवा आणि तो कागद जपा. उद्यां नवा कायदा लिहिला जाईल तेव्हां वरील चार प्रश्न विचारणारीं माणसें तुमच्यांतूनच निघावयाचीं आहेत.