कृत्रिम पाय आणि दाबाचे गणित

एक पेन्सिल घ्या. तिचे टोक अंगठ्यावर व बोथट बाजू तर्जनीवर टेकवून हलकेच दाबा. दोन्हीकडे बल सारखेच आहे. तरी टोक टोचते, बोथट बाजू टोचत नाही. कारण दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. या साध्या सूत्राच्या आधारे पाय गमावलेली माणसे पुन्हा कशी चालू लागतात, ते पाहू.

अफगाणिस्तानात १९७९ पासून चार दशकांहून अधिक काळ युद्धे झाली. त्या काळात रस्त्यांत, शेतांत सुरुंग पुरले गेले. सुरुंगावर ठरावीक भार पडला की तो उडतो. तो भार सैनिकाचा की शाळेला निघालेल्या मुलाचा, हे त्याला कळत नाही. युद्ध थांबल्यावरही तो कित्येक वर्षे तसाच जमिनीत राहतो.

स्फोटाने माती, दगड आणि चपलेचे तुकडे पायात खोलवर घुसतात. म्हणून शल्यचिकित्सक मृत भाग कापून जखम स्वच्छ करतात, पण ती लगेच शिवत नाहीत. चार-पाच दिवस उघडी ठेवून, जंतुसंसर्ग नाही अशी खात्री झाल्यावरच टाके घालतात. काही वेळा गुडघ्याखालचा पाय काढावाच लागतो.

आता गणित करू. मुलाचे वस्तुमान ४० किलोग्रॅम असेल, तर त्याचे वजन सुमारे ४०० न्यूटन. चालताना क्षणभर हा सारा भार एकाच पायावर येतो. तळव्याचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरल्यास दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ४ न्यूटन होईल. पण कापलेल्या हाडाचे टोक फक्त ५ चौरस सेंटिमीटर असेल, तर तोच दाब ८० न्यूटन, म्हणजे वीसपट! कातडी हे कसे सोसणार?

यावर उपाय म्हणजे खोबण. उरलेल्या पायाचा प्लॅस्टरचा साचा घेतात. त्यावर तापवून मऊ केलेला पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा बसवतात. या खोबणीत भार हाडाच्या टोकावर न येता गुडघ्याखालच्या स्नायूबंधावर आणि सभोवतालच्या मांसल भागावर वाटला जातो. क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर झाले, तर दाब अवघा २ न्यूटन! मग समांतर दांड्यांना धरून तोल सांभाळण्याचा सराव सुरू होतो. मुलाचा पाय वाढत असतो. म्हणून त्याची खोबण वरचेवर बदलावी लागते.

काबूलमध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने हे काम १९८८ मध्ये सुरू केले. तेथील अनेक कारागीर पूर्वी तेथलेच रुग्ण होते. खोबण कुठे टोचते, हे त्यांना सांगावे लागत नाही.

आता तुम्ही आलेख-कागदावर पाऊल ठेवून त्याची कड आखा, चौकोन मोजा आणि एका पायावर उभे असताना तुमच्या तळव्यावर किती दाब पडतो, ते काढून पाहा.