दमा असलेल्या मुलाच्या दातांना तारा लावताना

तारेच्या ओढीने दात सरकतो तेव्हा मुळाचं टोकही थोडं झिजतं. हे बहुतेकांच्या बाबतीत घडतं आणि सहसा एक-दोन मिलिमीटरच्या आत थांबतं. दमा असलेल्यांमध्ये मागच्या दाढांची मुळं बोथट होण्याचं प्रमाण जास्त आहे, असं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं. मोठी झीज मात्र दमा नसलेल्यांइतकीच होती. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा संबंध तितका ठळक आढळलेला नाही. तेव्हा दमा आहे म्हणून तारा नाकारू नका, पण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

काय करावे

• पहिल्याच भेटीत दमा सांगा. ‘लहानपणी होता, आता बरा आहे’ म्हणून गाळू नका. अ‍ॅलर्जी, पंपाचं नाव, मध्यंतरी घ्याव्या लागलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, सगळं सांगा. पडून पुढच्या दाताला कधी मार लागला असेल, तर तेही. अशा दाताचं मूळ झिजण्याची भीती अधिक.

• सुरुवातीचा एक्स-रे स्वतः नीट पाहा. डॉक्टरांना मुळांची टोकं दाखवायला सांगा. आधीच आखूड असलेली, टोकाशी वाकलेली किंवा ड्रॉपरच्या तोंडासारखी एकदम बारीक झालेली मुळं जास्त धोक्यात असतात. आपल्या मुलाची कोणती मुळं तशी आहेत, हे विचारून लिहून ठेवा.

• सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा का, हे विचारा. मूळ झिजताना दुखत नाही आणि आरशात काही दिसत नाही. एक्स-रेशिवाय ते कळायला मार्ग नाही, म्हणून हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

• झीज दिसली आणि डॉक्टरांनी दोन-तीन महिने ओढ थांबवली, तर कुरकुर करू नका. एवढ्या अवधीत मुळावरचे खड्डे बऱ्यापैकी भरून येतात. गेलेली लांबी मात्र परत येत नाही.

• स्टेरॉइडचा पंप घेतला की खळखळून चूळ भरून थुंकायला लावा. नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे उठतात. पंपामुळे तोंडही कोरडं पडतं आणि ब्रॅकेटच्या कडेने दात लवकर किडतात. रात्रीचा ब्रश चुकवू नका.

• प्रत्येक भेटीला तातडीचा पंप दप्तरात नाही, खिशात ठेवा.

काय टाळावे

• पंप स्वतःच्या मनाने बंद करणे. कृपा करून हे करू नका. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात औषध घेणारे आणि न घेणारे, दोन्ही प्रकारचे दमेकरी होते आणि दोघांतही झीज जास्तच दिसली. पंप सोडून मुळं वाचत नाहीत, जीव मात्र धोक्यात येतो.

• ‘दहावीच्या आधी संपवा, जरा जोरात ओढा’ असा आग्रह. जास्त जोर म्हणजे जास्त झीज. उपचार लांबले तरी झीज वाढते, म्हणून तारखा बुडवणंही टाळा.

• तारा घट्ट केल्यावर दुखतं म्हणून घरातली कुठलीही गोळी देणे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने काही दमेकऱ्यांना अटॅक येतो. कोणती गोळी चालेल, ते आधीच विचारून ठेवा.

• पारदर्शक अलाइनरने मुळं झिजतच नाहीत, असं समजणे. त्यानेही झिजतात.

• छातीत घरघर असताना दवाखान्याच्या खुर्चीत आडवं व्हायला लावणे. दिवाळीच्या धुराने दमा उसळला असेल, तर फोन करून तारीख पुढे घ्या.

• लेटेक्सची अ‍ॅलर्जी असताना ती न सांगणे. ब्रेसेसची रबरं आणि हातमोजे त्याचेच असू शकतात.

• तारा निघाल्यावर शेवटचा एक्स-रे न मागताच घरी जाणे. ओढ थांबली की झीजही सहसा थांबते, पण एखादं मूळ फार आखूड झालं असेल तर तो दात पुढेही तपासत राहावा लागतो.