शिरूर-दौंड परिसरातील अवर्षण व वणवा : यात्रेकरूंसाठी माहिती

रांजणगावच्या श्रीमहागणपतीचे दर्शन घेऊन सिद्धटेककडे जाणाऱ्या भाविकांचा बराचसा मार्ग शिरूर व दौंड तालुक्यांतून जातो. उन्हाळ्यात पिवळी पडलेली माळराने, पाण्याचे टँकर व क्वचित दूरवर दिसणारा धूर पाहून अनेकांच्या मनात काळजी उत्पन्न होते. तिचे कारण समजून घेतल्यास यात्रा अधिक निर्धोक होईल.

हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे घाटमाथ्यावर आपले बहुतेक पाणी रिते करतात व पूर्वेस उतरताना कोरडे होतात. भीमाशंकरच्या डोंगरावर मुसळधार पाऊस चालू असता, शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या शिरूरला लख्ख ऊन असू शकते. येथे वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात येतो. तो महिना कोरडा गेला की विहिरी लवकर आटतात.

सन १९७२ च्या दुष्काळाची आठवण येथील वृद्धांच्या मनात अद्याप आहे. त्याच काळात राज्यात रोजगार हमी योजनेचा पाया घातला गेला. सन २०२३ मध्ये राज्य शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत शिरूर व दौंड यांचा समावेश होता. त्या वर्षी पावसाळा इतका लांबला की, यवत-वरवंड मार्गाने जाणाऱ्या श्रीतुकाराम महाराजांच्या पालखीतील वारकरी जूनच्या कडक उन्हात चालले. याउलट सन २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्यात पोहोचला. ऋतूंवर पूर्वीसारखा भरवसा ठेवता येत नाही, हेच यावरून दिसते.

नदीविषयीही सावध असावे. भीमा, घोड व मुळा-मुठा यांचे पाणी घाटातून व धरणांतून येते. त्यामुळे येथे पावसाचा थेंब नसतानाही पात्रातील पाणी एकाएकी वाढू शकते. विसर्ग चालू असता स्नानासाठी पात्रात उतरू नये.

वणव्याचा धोका मुख्यतः फेब्रुवारी ते मे या काळात असतो. वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते व वाऱ्याबरोबर आग माळभर पसरते. हे वणवे बहुतांशी मनुष्याच्या हातूनच लागतात. बांध जाळणे, विझवल्याविना टाकलेली विडी, उघड्यावर मांडलेली चूल ही त्यांची नेहमीची कारणे होत. या माळांवर चिंकारा, लांडगे व जमिनीवर अंडी घालणारे पक्षी राहतात, त्यांचा आसरा नष्ट होतो. शिवाय गवत जळाले की जमीन उघडी पडते. पुढचा पाऊस मुरण्याऐवजी मातीसह वाहून जातो. अशा रीतीने एका वर्षीचा वणवा पुढील वर्षीच्या पाणीटंचाईस हातभार लावतो.

सबब भाविकांनी पुढील गोष्टी कृपया पाळाव्यात :

१. पिण्याचे पाणी सोबत ठेवावे व गावातील नळाचे पाणी हात-पाय धुण्यात वाया घालवू नये.

२. कोरड्या गवतावर वाहन उभे करू नये, तेथे चूल मांडू नये वा कापूर-उदबत्ती पेटवू नये.

३. आग दिसताच ११२ या क्रमांकावर कळवावे व वाऱ्याच्या दिशेने पळू नये. शक्य तर बाजूच्या नांगरलेल्या शेतात वा डांबरी रस्त्यावर यावे.

४. दान करू इच्छिणाऱ्यांनी पाणपोई, टँकर, विहिरीचे पुनर्भरण व तळ्यातील गाळ काढणे या कामांचाही विचार करावा.

यात्रेकरू एक दिवस येऊन जातात, गावकऱ्यांना मात्र त्याच पाण्यावर वर्ष काढावयाचे असते. याचे भान प्रत्येकाने ठेवावे, ही नम्र विनंती.